गुलमंडीच्या मागचा वाडा, भाडेकरूंसकट: घेऊन देणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो, ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे ते इथूनच वळतील. कागदपत्रांच्या कामाला पाचपैकी साडेचार, डागडुजीला दीड, भाडं वसुली आणि देखरेखीला अडीच, आणि पहिल्या मीटिंगला लॅपटॉप उघडून जे एक्सेल शीट दाखवतात त्याला भोपळा.

सर्व्हिस काय आहे ते सांगतो. संभाजीनगरच्या जुन्या शहरात, म्हणजे गुलमंडी, रंगारगल्ली, मछली खडक, कुंभारवाडा, राजाबाजार ह्या पट्ट्यात विकायला निघालेले जुने वाडे ही मंडळी शोधतात, मालकीचे कागद तपासतात, सौदा करून देतात, मग डागडुजी करून देतात आणि नंतर भाडं गोळा करून महिन्याच्या महिन्याला खात्यात टाकतात. सौद्याला दोन टक्के, पुढं भाड्याच्या आठ टक्के. नाव टाकत नाही कारण त्यांच्याशी अजून व्यवहार चालू आहे आणि गाव केवढंसं, उद्या निराला बाजारात समोरासमोर भेटले तर चहा नाकारता येत नाही. आणि तसंही हा धंदा करणारे आता तीन-चार जण झालेत, सगळ्यांचं बोलणं थोड्याफार फरकानं सारखंच, त्यामुळं ज्याच्याकडं जाल त्याला हे लागू पडेल.

आम्ही म्हणजे मी, दाजी आणि मोठे काका. तिघांनी मिळून पैसा घातला. वाडा गुलमंडीच्या मागच्या एका बोळात, दुमजली, पुढं दोन दुकानं, दिंडी दरवाजातून आत गेलं की देवडी, मग चौक, चौकाच्या तीन बाजूंनी ओसरी आणि सागवानी खांब, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. खाली आतल्या बाजूला तीन बिऱ्हाडं जुन्या भाड्यावर, दुकानांपैकी एक जुन्या भाड्यावर आणि एक लिव्ह अँड लायसन्सवर म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, वरचा मजला रिकामा. किंमत पंच्याहत्तर लाखाला ठरली. सिडकोत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे ऐकून आधी वाटतं की गुलमंडीच्या मागं एवढी जागा ह्या भावात म्हणजे लॉटरीच लागली. लॉटरी नाही. भाव कमी आहे कारण आत माणसं आहेत, आणि ती माणसं कायद्यानं तिथं आहेत.

हीच ह्या सगळ्या प्रकाराची मेन गोष्ट आहे आणि सर्व्हिसवाले ती शेवटी सांगतात. तुम्हाला दाखवतात नक्षीचे खांब, कमानी, चौकातला आड, मागचा भिंतीतला बळद म्हणजे धान्याचं कोठार, आणि म्हणतात बघा साहेब हेरिटेज, हे आता कुठं मिळायलंय. खरंय, मिळत नाही. पण भाडं खांब देत नाहीत. तुम्ही विकत घेताय ते भाडेकरू, त्यांच्या पावत्या, त्यांचे वारस आणि त्यांची गळणारी छतं, वाडा त्याच्यासोबत येतो असं धरूनच सौद्याला बसायचं.

आता कायदा थोडक्यात, कारण व्हॉट्सॲपवर ह्या विषयात लई फेकाफेकी चालते. मराठवाड्यात आधी हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा होता, त्याच्या काळातले भाडेकरू अजून जुन्या शहरात जागोजागी आहेत. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि सगळ्या राज्याला एकच कायदा झाला. ह्यात जुना भाडेकरू ठरलेलं भाडं आणि कायद्यानं दिलेली वाढ देत असेल तर त्याला उठवता येत नाही, उठवायचं तर कलम १६ मधलं एखादं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. मालकाला खरोखर गरज आहे, भाडेकरूनं परस्पर दुसऱ्याला जागा दिली, सहा महिन्यांच्या वर कारण नसताना जागा बंद ठेवली, अशी ती कारणं आहेत. त्यातही मालकाची गरज म्हणून गेलात तर कोर्ट बघतं की जागा सोडून भाडेकरूला जास्त त्रास होईल का न मिळून तुम्हाला. तीन जणांनी मिळून इन्व्हेस्टमेंट म्हणून वाडा घेतलाय आणि सिडकोत स्वतःचं घर आहे असा मालक ह्या तराजूत कितीसा भरणार ते तुम्हीच ठरवा. आणि भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्यांकडं हक्क जातो, त्यामुळं म्हातारे आहेत, किती दिवस राहतील, असं जे काही जण डोळा मारून सांगतात ते चूकच आणि बोलायलाही वाईट.

वाढ किती, तर वर्षाला चार टक्के. ऐकायला बरं वाटतं. २००० साली दीडशे रुपये भाडं असेल आणि तुम्ही दरसाल चक्रवाढीनं चार टक्के वाढवत आणलं तरी पंचवीस वर्षांनी चारशे होतात. चारशे रुपये महिना, गुलमंडीच्या मागं, दोन खण आणि ओसरी. आमच्याकडं दोन बिऱ्हाडं बरोबर ह्याच आकड्यावर आहेत, तिसरं साडेसहाशेवर, जुनं दुकान अकराशेवर. नवीन दुकान, जे लिव्ह अँड लायसन्सवर आहे, ते एकटं चौदा हजार देतं. म्हणजे वरचा मजला रिकामा असताना सगळा वाडा मिळून महिन्याला साडेसोळा हजार, त्यातले चौदा एका गाळ्याचे.

ह्यांच्या एक्सेलमध्ये काय होतं तर दोन वर्षांत तिन्ही बिऱ्हाडं काही लाख घेऊन स्वखुशीनं निघून गेलेली, चौकात कॅफे, वर होमस्टे, आणि रिटर्न आठ टक्के. काकांनी विचारलं की स्वखुशीनं जाणार हे कोणाशी बोललात का, तर म्हणे ते होतं साहेब, आमचा एक्सपिरियन्स आहे. कोणाशीच बोललेले नव्हते. आम्ही सौद्याच्या आधी स्वतः जाऊन बसलो त्यांच्यात. मागच्या खोल्यांतल्या काकूंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या आधी तिघं येऊन गेले असेच. कोपऱ्यातलं छत गळायलंय, ते आधी बघा, मग भाड्याचं बोलू." जुन्या दुकानात चाचा आहेत, शिलाई मशीन दुरुस्तीचं काम, वडिलांच्या वेळेपासून. त्यांनी मान पण वर केली नाही, स्क्रू फिरवता फिरवताच बोलले, "मालिक तो बदलते रैते साब, हम इधरइच हैं." ह्या दोन वाक्यांत जेवढी माहिती होती तेवढी सर्व्हिसवाल्यांच्या चाळीस पानी पीडीएफमध्ये नव्हती. घेणार असाल तर हे आधी करा, टोकन देण्याच्या आधी, आणि एजंटला सोबत नेऊ नका.

आता त्यांचं कौतुक, कारण कागदांच्या कामात ही मंडळी खरंच भारी आहेत आणि ते काम सोपं नाही. पुण्यातला वाडा असला तर कागद मराठीत, फार तर मोडीत. आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं जुने दस्त उर्दूत आणि वर साल फसली, म्हणजे निजामी कारभारातलं महसुली साल. आमच्या वाड्याचा मूळ दस्त १३४५ फसलीचा निघाला, म्हणजे साधारण १९३५-३६. त्यात चतुःसीमा लिहिलीय ती अमक्याचा वाडा, तमक्याची गल्ली, नहरीचा (जमिनीखालून गावात पाणी आणणाऱ्या जुन्या कालव्याचा) बंब अशी, आता त्यातलं काहीच त्या नावानं उरलेलं नाही. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच गाव, वसवली आणि गावाला नहरीचं पाणी खेळवलं, त्या नहरींचे अवशेष अजून बोळाबोळात आहेत, पण दस्तात हद्दीची खूण म्हणून नहर लिहिलेली असली आणि ती नहर केव्हाच बुजलेली असली तर तुमची उत्तरेची भिंत नेमकी कुठं हे ठरवायला डोकं लागतं. ह्यांच्याकडं एक रिटायर्ड गृहस्थ आहेत उर्दू वाचणारे, त्यांनी दस्त वाचला, नगर भूमापनचं प्रॉपर्टी कार्ड समोर ठेवलं, महापालिकेचा कराचा उतारा ठेवला आणि तिन्हीतलं क्षेत्रफळ जुळत नाही हे पहिल्याच बैठकीत सांगितलं. मोजणी आणली, शेजाऱ्यांच्या समोर खुणा केल्या. फरक फार नव्हता पण मागच्या न्हाणीची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत तीन-चार बोटं गेलेली होती, ते आधीच लिहून घेतलं, नाहीतर पुढं त्याच्यावरून एक पिढी भांडण चाललं असतं.

शिवाय जुन्या शहरात अजून एक गोष्ट बघावीच लागते, जागा वक्फची आहे का, देवस्थानाची इनामी आहे का, नझूलची म्हणजे सरकारी आहे का. वक्फ बोर्डाचं ऑफिस इथंच पाणचक्कीला, तिथं रेकॉर्ड तपासून येणं फार अवघड नाही पण किती जण करतात? इनामाच्या जागेला मुंतखब म्हणजे इनामाचा सरकारी दाखला निघतो, तो वाचता येणारा माणूस पाहिजे. ह्यांनी हे सगळं न सांगता केलं, प्रत्येकाची लेखी नोंद दिली, पेपरात जाहीर नोटीस दिली, तीस वर्षांचा सर्च काढला. विकणारे वारस नऊ जण, दोन हैदराबादला, एक अमेरिकेत, एका बहिणीनं हक्कसोड दिलेलं आहे असं सगळे म्हणत होते आणि कागद मात्र कोणाकडंच नव्हता. तिचं नव्यानं हक्कसोडपत्र झाल्याशिवाय ह्यांनी आम्हाला सही करू दिली नाही, सौदा दोन महिने लांबला, विकणारे वैतागले, काका पण वैतागले, पण बरोबर होतं. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून भारतात राहणाऱ्या विकणाऱ्यांचा एक टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो, परदेशात राहणाऱ्याला वेगळा नियम, ते सगळं नऊ जणांचं वेगवेगळं करून दिलं. साडेचार मार्क ह्याचेच. अर्धा कापला तो ट्रान्सलेशनचे पैसे शेवटी वेगळे लावले म्हणून.

एक गोष्ट त्यांनी सांगितली जी तुम्हीही लक्षात ठेवा, बिबी का मकबऱ्याच्या बाजूला बेगमपुऱ्यात वाडे स्वस्तात दिसतात, पण केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि त्याच्या पुढं दोनशे मीटर परवानगीशिवाय काही नाही. दुरुस्तीला सुद्धा परवानगी लागते. जागा बघताना मोबाईलवर मकबऱ्यापासूनचं अंतर मोजून घ्या, मग चहा प्या. आणि डीपी म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्याची लाईन कुठून जाते तेही आधीच बघायचं. गावात रस्ता रुंदीकरणात कित्येक जुन्या इमारतींचे दर्शनी भाग गेलेले आहेत, आणि वाड्याची कमाई असते ती दर्शनी दुकानांची. पुढचे दहा फूट गेले की मागं चारशे रुपयांची बिऱ्हाडं तेवढी राहतात.

बँकेचं लोन होईल असं म्हणाले होते, झालं नाही. ज्या बँकेकडं गेलो त्यांना मंजूर नकाशा पाहिजे होता आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य इंजिनिअरनं लिहून द्यायला पाहिजे होतं, मातीच्या भिंतीचं आयुष्य कोण लिहून देणार. सगळा रोकडा पैसा गुंतवायची तयारी असेल तरच ह्यात पडा.

आता टॅक्स, कारण ह्याच्यावर पण त्यांच्या पीडीएफमध्ये दोन पानं होती आणि त्यातलं निम्मं युरोपचं होतं. आमचा भाचा जर्मनीत असतो, त्याला विचारलं तर तिथं खरंच आहे तसं, संरक्षित जुनी इमारत घेऊन भाड्यानं दिली तर सरकारी मान्यतेनं केलेल्या डागडुजीचा खर्च पहिली आठ वर्षं नऊ-नऊ टक्के आणि पुढची चार वर्षं सात-सात टक्के असा उत्पन्नातून वजा होतो, म्हणजे बारा वर्षांत पूर्ण. फ्रान्समध्ये १९६२ पासून जुन्या गावठाणांसाठी मालरो कायदा आहे, तिथंही डागडुजीवर टॅक्समध्ये सूट. त्यामुळं तिकडचे डॉक्टर-वकील लोक जुन्या गावातल्या इमारती टॅक्स वाचवायलाच घेतात. छान आहे. पण आपल्याकडं भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिका कर वजा होतो, मग सरसकट तीस टक्के वजावट, कर्ज असलं तर व्याज, बास. तुम्ही माळवदावर अठरा लाख घाला नाहीतर अठराशे, तीस टक्के ते तीसच टक्के. मोठं काम असलं तर पुढं विकताना किमतीत धरता येतं, बिलं जपून ठेवायची. लाकूडकामाचं, चुन्याचं पक्कं बिल मिस्त्रीकडून मिळवणं हा वेगळाच कार्यक्रम आहे. तर कोणी तुम्हाला हेरिटेज म्हणजे टॅक्स बेनिफिट असं म्हणालं तर कुठल्या देशात ते विचारा.

डागडुजीला दीड मार्क का, ते जरा सविस्तर सांगतो कारण इथं खरा पैसा जातो. ह्यांचा ठरलेला ठेकेदार आहे, आपल्या गावातल्याच सातारा परिसरात रो-हाऊस बांधणारा. माणूस वाईट नाही पण त्याला सिमेंटशिवाय काही माहिती नाही. देवडीच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, बाहेरून चुन्याचा गिलावा, तो जागोजागी उखडलेला. ह्यानं तो सगळा खरवडला आणि वरून सिमेंटचं प्लास्टर मारून गुळगुळीत केलं, मस्त फोटो काढले, आम्हाला पाठवले. पहिल्या पावसाळ्यात भिंतीत खालून ओल चढली, मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, चुना तिला श्वास घेऊ देतो पण सिमेंट अडवून धरतं, मग ओल आत कोंडली आणि श्रावणात प्लास्टरचे परातीएवढे पोपडे निघून पडले, सोबत आतली माती पण घेऊन. देवडीत जे बसायचे ते चाचांचे गिऱ्हाईक, त्यांच्यावर पडलं नाही हे नशीब.

दुसरं माळवदाचं. सागवानी तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर माती. दर दोन-चार वर्षांनी पावसाळ्याच्या आधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायची पद्धत, पण जुना थर कोणी काढत नाही, त्यामुळं साठ-सत्तर वर्षांत ते दीड-दोन फूट झालेलं. तुळया वाकल्या त्या वाळवीनं नाही, ह्या ओझ्यानं. ठेकेदाराचं म्हणणं माळवद पूर्ण काढून स्लॅब टाकू. मातीच्या भिंतींवर आरसीसी स्लॅब! त्यात भर म्हणजे वर पाण्याच्या दोन टाक्या ठेवायचा प्लॅन, कारण नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं आणि नवीन भाडेकरू साठवणीशिवाय येत नाहीत, हे खरंय. पण हजार लिटरची टाकी भरली की एक टन झाली, दोन टाक्या म्हणजे दोन टन वाकलेल्या तुळईवर. आम्ही काम थांबवलं. दाजींच्या ओळखीनं पैठणकडचे एक म्हातारे मिस्त्री मिळाले, त्यांनी वर जाऊन पायानं माती दाबून बघितली, खाली येऊन प्रत्येक तुळईवर काठी वाजवून आवाज ऐकला, दोन तुळयांवर खडूनं फुली मारली आणि म्हणाले, ह्या दोन बदला, बाकी बसा निवांत.

मग त्यांच्या पद्धतीनं काम झालं. आधी माळवदावरची माती उपसली, तीच ट्रॅक्टर भरभरून निघाली. दोन तुळया जुन्या सागाच्याच आणून बदलल्या, हे जुनं लाकूड पाडलेल्या वाड्यांतून मिळतं, भाव ऐकून घाम फुटतो पण नवीन सागापेक्षा बरं. चुना चौकात हौद करून भिजत घातला, महिना-दीड महिना तो तसाच, मग त्यात विटांची सुरखी, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी. काकू रोज जाता-येता त्यात डोकावून बघायच्या आणि सूचना द्यायच्या, त्यांच्या माहेरी वसमतकडं असंच करायचे म्हणे. वर चुन्याचा कोबा घातला, उतार नीट काढला, पन्हाळी बदलल्या. पाण्याच्या टाक्या वर न ठेवता चौकातला बुजलेला जुना हौद साफ करून तोच वापरात आणला, वर छोटी टाकी फक्त भिंतीच्या आधारावर. देवडीचं सिमेंट सगळं काढून परत चुना. ठेकेदाराचं वाया गेलेलं काम धरून सगळा खर्च अठरा लाखांच्या आसपास गेला, त्यातले साडेतीन नुसते सिमेंट लावायचे आणि काढायचे. सर्व्हिसवाल्यांनी त्यातले पैसे परत दिले का, तर नाही, "ॲडजस्ट करू" म्हणाले, अजून ॲडजस्ट करायलेत.

कायद्यानं बघितलं तरी छत नीट ठेवणं मालकाचंच काम आहे. कलम १४ प्रमाणं नोटीस देऊनही मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. चारशे रुपये भाड्यात तो चौथा हिस्सा किती होतो, बाराशे. बाराशेत माळवदाचा एक कोपरा पण होत नाही. म्हणून जुन्या शहरातले निम्मे वाडे पडायच्या वाटेवर आहेत, मालकाला भाड्यात परवडत नाही आणि भाडेकरूच्या हातात नाही, दोघंही पावसाळ्यात महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिशीची वाट बघत बसतात. कधी कधी मालक मुद्दाम बसतो, तेही आहे, नाव कशाला घ्यायचं.

काम झाल्यावर वरचा मजला दोन आर्किटेक्ट पोरींनी ऑफिससाठी घेतला, सोळा हजारावर. त्यांना तो चौक आणि खांबच पाहिजे होते, लिफ्ट नाही पार्किंग नाही तरी चालतं म्हणाल्या, गाडी पैठण गेटकडं लावून चालत येतात. तर आता बेरीज करा, साडेसोळा आणि सोळा, साडेबत्तीस हजार महिना, वर्षाचे तीन लाख नव्वद हजार. घातले किती, पंच्याहत्तर लाख किंमत, स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन-वकील-मोजणी-कमिशन मिळून सहा-सात, डागडुजी अठरा. एक कोटीला चार लाख पण नाहीत. चार टक्क्यांच्या आत, त्यातून ह्यांचे आठ टक्के, महापालिकेचा कर, आणि दर काही वर्षांनी माळवद. बँकेतली एफडी ह्याच्यापेक्षा जास्त देते आणि तिचं छत गळत नाही. जागेची किंमत वाढेल हे आहेच, पण ती वाढलेली किंमत देणारा पुढचा माणूस पण आतली तीन बिऱ्हाडं मोजूनच देणार.

काहीजण म्हणतील मग घेतलाच कशाला. काकांचं बालपण त्याच गल्लीत गेलं, सुपारी हनुमानाच्या मंदिरापासून घरापर्यंत डोळे मिटून जातील, त्यांना तिथं काहीतरी पाहिजेच होतं. मला आणि दाजींना चार टक्के आणि कधीतरी वाढणारी जागा एवढं पुरेसं होतं, कर्ज नव्हतं, घाई नव्हती. ज्याला महिन्याच्या भाड्यावर हप्ता फेडायचाय त्यानं ह्या बोळात पाऊलही टाकू नये, सरळ वाळूजकडं वन-बीएचके घ्यावा. पैठण किंवा अंबाजोगाईला वाडे ह्याच्या निम्म्यात मिळतात असं ऐकून काहीजण तिकडं पळतात, मिळतात खरे, पण तिथं सोळा हजार देणाऱ्या आर्किटेक्ट पोरी कुठून आणणार ते आधी बघा.

नवीन भाडेकरूंच्या करारात एक गोष्ट ह्यांनी नीट करून घेतली आणि ती सगळ्यांनी करावी. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट असलं की रजिस्टर करायची गरज नाही असं आपल्याकडं सर्रास समजतात, ते चूक आहे, त्याच भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टरच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड लिहिलाय कायद्यात. वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल तेच धरतात, हे त्याहून वाईट. जागा राहायला दिलेली असली आणि मुदत संपून माणूस हलेना तर सक्षम प्राधिकरणाकडं जाता येतं आणि तोवर दुप्पट रकमेचा दावा करता येतो, दुकान-ऑफिसला ती सोय नाही, तिथं कोर्टातच जावं लागतं आणि हाच कागद कामाला येतो. आमच्या चौदा आणि सोळा हजारांचा जो काही भरवसा आहे तो ह्या एका रजिस्टर कागदाचा आहे.

वसुलीला अडीच दिले कारण नवीन दोघांचे पैसे बरोबर वेळेवर येतात, ते तर ऑनलाईनच टाकतात, त्यात ह्यांचं काम काय ते मला अजून कळलेलं नाही. जुन्या चौघांकडं ह्यांचा एक पोरगा जातो पहिल्या आठवड्यात, बुलेट चौकात आणून लावतो, जोरात हाका मारतो. काकूंनी एकदा सरळ सांगितलं की पावती नाही तर पैसे नाहीत, आणि बरोबर आहे, पावती हाच तर त्यांचा सगळा कायदा. ह्यांचं ॲप आहे, त्यात पावती मोबाईलवर जाते, काकूंचा मोबाईल बटनांचा. आता मीच कागदी पावती पुस्तक छापून घेतलंय, प्रत्येक पावतीवर चार टक्के वाढ कधीपासून तेही लिहितो, म्हणजे पुढं कोणाला काही म्हणायला नको.

मॅनेजमेंटचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय, ते वाढवणार नाही. कागदांचं काम निघालं तर मात्र त्यांच्याकडंच जाऊ, त्या उर्दूवाल्या गृहस्थांसाठी तरी. भाडं दाजी स्वतः जाऊन घेणार, तसंही चाचांनी पहिल्या महिन्यापासून त्या बुलेटवाल्याच्या हातात एक रुपया दिलेला नाही, "बडे काका को भेजो" एवढंच म्हणतात आणि काका गेले की तासभर सोडत नाहीत.